शेवटच्या पंगतीलाही गरम जेवण
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिलांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात वर्षभर काही ना काही कार्य चालू असते. बारसे, जावळ, ओटीभरण, साखरपुडा, वास्तुशांत आणि गावची जत्रा असे एकामागून एक प्रसंग येतात. लग्नाला आपण आचारी सांगतो, मांडववाल्याकडून भांडी आणतो. परंतु साठ-सत्तर माणसांच्या घरगुती कार्यक्रमाला आचारी परवडत नाही आणि घरातली भांडी पुरत नाहीत. दोन बर्नरची गॅसची शेगडी, परसातली एक चूल, एक कुकर आणि चार-पाच पातेली एवढ्यावरच सारे निभवावे लागते. अशा वेळी सर्वांना गरम जेवण कसे वाढावे, हा आजचा विषय आहे.

पहिल्या पंगतीला गरम वाढणे अवघड नसते. पाहुणे, व्याही आणि वडीलधारी मंडळी त्या पंगतीला बसतात आणि जेवणाची वाहवा करून उठतात. दुसऱ्या पंगतीला आमटी कोमट झालेली असते. शेवटच्या पंगतीला घरच्या सुना, जावा, शेजारच्या वहिनी, वाढणारी मुले आणि भांडी घासणाऱ्या मावशी बसतात. त्यांच्या ताटात तळाची आमटी, गार भात आणि वातड चपाती येते. ‘आपलंच घर आहे, चालतंय’ असे म्हणून ते जेवण उरकले जाते. ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाही. सर्वांत जास्त वेळ कोमट राहिलेले, म्हणजेच सर्वांत धोक्याचे अन्न, दिवसभर राबलेल्या माणसांच्या वाट्याला येते. म्हणून आपली व्यवस्था चांगली झाली की नाही, हे शेवटच्या पंगतीवरून ठरवावे, असे माझे सांगणे आहे.

कोमट अन्न का टाळावे?

अन्नातून विषबाधा करणारे जंतू ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे जाहीर केली. त्यांत शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे सांगितले आहे. याचा साधा अर्थ असा की अन्न चटका बसेल इतके गरम ठेवावे, नाही तर चांगले गार ठेवावे. मधली कोमट अवस्था नको.

पुष्कळ भगिनींना वाटते की एकदा उकळले म्हणजे सर्व जंतू मेले. तसे होत नाही. काही जंतू बीजाणूच्या रूपात उकळीतूनही टिकून राहतात आणि अन्न कोमट झाले की पुन्हा वाढू लागतात. मटणाच्या मोठ्या पातेल्यात वाढणारा असा एक जंतू ४५ अंशांच्या आसपास दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. जत्रेचा रस्सा दुपारी शिजवून रात्रीपर्यंत पातेल्यात तसाच ठेवला, तर मधला भाग बराच वेळ याच तापमानात राहतो. भातात वाढणारा दुसरा एक जंतू असे विष तयार करतो, की ते पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. कार्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाताला फोडणी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो भात रात्रभर उघड्यावर राहिला असेल, तर फोडणीने त्याला चव येईल, पण तो निर्धोक होणार नाही.

तापमान पाहण्यासाठी दूध संकलन केंद्रात वापरतात तसा साधा थर्मामीटर बचत गटाने एक घेऊन ठेवावा. वापरण्यापूर्वी तो स्वच्छ धुऊन घ्यावा.

आधी पदार्थ ठरवा

चुली दोन-तीनच आहेत, हे लक्षात घेऊन पदार्थ निवडावेत. ताटातील प्रत्येक पदार्थ गरम असण्याची आवश्यकता नसते. शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, मठ्ठा, लोणचे आणि पापड यांना वाढण्याच्या वेळी चूल लागत नाही. गोडासाठी शिरा किंवा जिलेबी केल्यास ऐन वेळी एक शेगडी अडकून पडते. त्याऐवजी आदल्या दिवशी बुंदीचे लाडू करावेत किंवा साताऱ्याचे कंदी पेढे आणावेत. असे केल्यास गरम वाढण्याचे पदार्थ चारच उरतात: भात, आमटी, एक भाजी आणि चपाती.

चपात्यांसाठी आपल्या गावांतील जुनी रीत उत्तम आहे. भावकीतील आणि आळीतील सात घरी प्रत्येकी एक किलो पीठ द्यावे आणि त्यांनी आपापल्या घरी चपात्या करून आणाव्यात. अशा रीतीने सात घरच्या चुली आपल्या कार्याला मिळतात. मात्र सर्व घरी एकच वेळ सांगू नये. चार घरांनी पहिल्या पंगतीच्या आधी आणि तीन घरांनी दुसऱ्या पंगतीच्या वेळी चपात्या आणाव्यात, असे ठरवून द्यावे. पाटीत सुती धडपे अंथरून त्यात चपात्या गुंडाळाव्यात. धडपे वाफ शोषून घेते, त्यामुळे चपात्या ओल्या होत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम चपात्या भरू नयेत.

भाजी वांग्या-बटाट्याची करावी. कराड-इस्लामपूरकडचा आख्खा मसूर करायचा असल्यास तोही सोयीचा आहे, कारण तो लवकर शिजतो आणि वाफेवर चांगला मुरतो.

पाण्याची आणि उंचीची गोष्ट

कार्याच्या दिवशी सर्वांत जास्त वेळ पाणी तापवण्यात जातो. साधे १० लिटर पाणी घरगुती बर्नरवर उकळण्यास सुमारे पाऊण तास लागतो. तेच पाणी आधी ७० अंशांपर्यंत तापलेले असेल, तर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. म्हणून सकाळी चूल पेटली की पिण्याच्या पाण्याचे एक मोठे तपेले झाकण घालून त्यावर ठेवावे. भाताला, आमटीला आणि भाजीला हेच आधणाचे पाणी घालावे. गार पाणी घातल्यास उकळी मोडते, जळण वाया जाते आणि वेळ चुकते.

बंबातील अथवा सौरबंबातील पाणी स्वयंपाकात घालू नये. ते भांडी धुण्यासाठी आणि वाढण्याची भांडी गरम करण्यासाठी वापरावे.

डोंगरी भागातील भगिनींनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जितकी उंची जास्त, तितके पाणी कमी तापमानाला उकळते. सांगलीत ते सुमारे ९८ अंशांना उकळते, तर महाबळेश्वर-पाचगणीला ९५-९६ अंशांनाच उकळते. त्यामुळे तेथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजण्यास बराच जास्त वेळ लागतो. डाळ कुकरमध्येच थोडी थोडी करून शिजवावी आणि मग मोठ्या पातेल्यात काढावी. कुकर डाळ-पाण्याने निम्म्यापेक्षा जास्त भरू नये.

दिंडीच्या स्वयंपाकापासून शिकण्यासारखे

कमी साधनांत मोठा स्वयंपाक पाहायचा असेल, तर आपल्याच जिल्ह्यात तो दर आषाढीच्या वारीत पाहावयास मिळतो. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. प्रत्येक दिंडीचा सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधीच जातो. वारकरी चालत पोहोचेपर्यंत स्वयंपाक तयार झालेला असतो. पक्का ओटा नाही, भिंत नाही आणि पावसाचे दिवस, तरीही शेकडो माणसांना जेवण मिळते. याचे कारण असे की पदार्थ मोजके असतात, कामे वाटून दिलेली असतात आणि प्रत्येकाला आपली वेळ ठाऊक असते.

मोकळ्या जागेवर मोठा स्वयंपाक करताना चर खणण्याची जुनी पद्धत आहे. ती आपल्या परसातही करता येईल. सुमारे एक फूट खोल आणि पातेल्याच्या बुडापेक्षा थोडा अरुंद चर वाऱ्याच्या दिशेला तोंड ठेवून खणावा. त्यावर दोन-तीन पातेली ओळीने बसवावीत. तोंडाजवळच्या पातेल्याला जोराची आच मिळते. तेथे शिजवावे. शेवटच्या पातेल्याला मंद आच मिळते. तेथे शिजलेले अन्न गरम राहते. घरच्या चुलीच्या वैलाचा उपयोगही याच कामासाठी करावा. जाळ काढण्यासाठी तुरकाट्या आणि टिकाऊ निखाऱ्यासाठी बाभळीचे जळण वापरावे. उसाचे पाचट चुलीत घालू नये, ते एकदम भडकते. चर मांडवापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि उसाच्या फडापासून लांब असावा. जवळ पाण्याचा पिंप भरून ठेवावा.

पेंढ्याची पाटी

शिजलेले अन्न जळणाशिवाय गरम ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे पेंढ्याची पाटी. पाटण, जावळी, शिराळा भागात भाताचे पिंजर मिळते, इतर ठिकाणी गव्हाचे काड चालेल. पातेल्यापेक्षा बरीच मोठी वेताची पाटी किंवा लाकडी खोके घ्यावे. त्यात स्वच्छ पोते अंथरून तळाला आणि चारही बाजूंना एक वीत जाडीचा कोरडा पेंढा दाबून बसवावा. मधल्या खळग्यात पातेले ठेवावे आणि वरून धुतलेली वाकळ किंवा घोंगडे चारपदरी घालून दाबून टाकावे. पेंढ्यात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

ही पाटी वापरताना पुढील काळजी घ्यावी.

१. पातेले खळखळ उकळत असतानाच उचलून पाटीत ठेवावे. कोमट पातेले ठेवल्यास पाटी जंतू वाढवण्याचे काम करील.

२. पातेले किमान पाऊण भरलेले असावे. थोडे अन्न लवकर निवते.

३. बुडाला निखारा किंवा जळकी काडी चिकटलेली नाही, हे पाहून मगच ठेवावे. नाही तर पेंढा पेट घेईल.

४. मध्येच झाकण उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी वाफेबरोबर उष्णता जाते.

५. तीन तासांच्या आत पातेले बाहेर काढावे आणि पुन्हा उकळी आणून वाढावे.

एका बाबतीत ही पाटी शिजवण्यासाठी कधीही वापरू नये. आपल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच जातीचा आहे. अशा घेवड्यात कच्चेपणी एक विषारी घटक असतो आणि तो जोराच्या उकळीनेच नाहीसा होतो. अर्धवट शिजवून पेंढ्यात मुरत ठेवल्यास उलट्या-जुलाबांचा त्रास होतो. घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात तो किमान दहा मिनिटे खळखळ उकळावा आणि नंतर पूर्ण मऊ होईपर्यंत आचेवरच शिजवावा.

७५ माणसांचे नियोजन

समजा, ६० पाहुणे आणि घरची-शेजारची १५ माणसे आहेत. तीस-तीसच्या दोन पंगती आणि १५ जणांची शेवटची पंगत होईल. त्यासाठी तांदूळ ६ किलो, तूरडाळ अडीच किलो, वांगी-बटाटे मिळून ९ किलो आणि गव्हाचे पीठ ७ किलो हा अंदाज पुरेसा आहे. पहिली पंगत दुपारी साडेबारा वाजता धरू.

आदल्या संध्याकाळी तांदूळ-डाळ निवडून ठेवावी, मसाला वाटावा, लाडू वळावेत आणि पीठ घरोघरी पोहोचवावे.

सकाळी ८ वाजता चूल पेटवून पाण्याचे तपेले ठेवावे.

९ वाजता एका बर्नरवर डाळीचा पहिला कुकर लावावा. अडीच किलो डाळीला साडेसात लिटरच्या कुकरमध्ये तीन खेपा लागतील. शिजलेली डाळ वैलावरच्या पातेल्यात काढत जावी, म्हणजे ती निवणार नाही. दुसऱ्या बर्नरवर भाजीचा मसाला परतून घ्यावा.

पावणेअकरा वाजता पाण्याचे तपेले गॅसवर घ्यावे आणि चुलीवर आमटीला फोडणी द्यावी. सुमारे १५ लिटर आमटी होईल. ती दोन पातेल्यांत करावी आणि दोन्हींना चांगली उकळी आणावी. एक पातेले वैलावर ठेवावे आणि दुसरे पेंढ्याच्या पाटीत ठेवावे. हे दुसरे पातेले दुसऱ्या पंगतीपर्यंत उघडायचे नाही. एकच मोठे पातेले वारंवार उघडल्याने सगळीच आमटी निवते. दोन पातेली केल्याने निम्मी तरी जशीच्या तशी राहते.

सव्वाअकरा वाजता चुलीवर भाजी टाकावी. साडेअकरा वाजता गॅसवर आधणाच्या पाण्यात अडीच किलो तांदूळ वैरावेत. एवढाच भात पहिल्या पंगतीला लागतो. सहा किलोंचा भात एकदम करू नये. मोठ्या पातेल्यात तळचा गाळ होतो, वरचा कच्चा राहतो आणि उरलेला निवत बसतो.

पहिली पंगत बसली की दुसऱ्या अडीच किलोंचा भात चढवावा. तो एक वाजता तयार होईल. दुसरी पंगत बसल्यावर किती माणसे राहिली ती मोजावीत आणि त्यांच्यापुरता शेवटचा भात टाकावा. याच वेळी उरलेली भाजी आणि आमटी पुन्हा चांगली उकळावी. अशा रीतीने तिन्ही पंगतींना ताजा भात मिळतो आणि भात फारसा उरतही नाही.

वाढताना घ्यावयाची काळजी

मुख्य पातेले पंगतीत फिरवू नये. वाढण्यासाठी लहान बादल्या घ्याव्यात. त्या आधी पाच मिनिटे गरम पाण्याने भरून ठेवाव्यात आणि ओतून देऊन मग आमटी घ्यावी. गार बादलीत आमटी घेतली की ती तेथेच निवते. बादली निम्मीच भरावी आणि संपल्यावर पुन्हा आणावी. बादलीत उरलेली आमटी मुख्य पातेल्यात परत ओतू नये.

आधी चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि गोड वाढून घ्यावे. माणसे बसल्यानंतर भाजी-चपाती आणि त्यानंतर भात-आमटी वाढावी. रिकाम्या पंगतीला आधीच भाताच्या मुदी पाडून ठेवण्याची घाई करू नये.

उकळत्या आमटीचे पातेले उचलताना दोन माणसे हवीत. हातात कोरडे फडके असावे, ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो. चूल आणि पंगत यांमधल्या वाटेवर लहान मुलांना खेळू देऊ नये. घरगुती शेगडीवर बर्नरच्या बाहेर फार पसरणारे जड पातेले ठेवू नये. शेगडी कलते आणि आच उलटून बटणांकडे व रबरी नळीकडे येते. चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात करू नये आणि ठेवूही नये.

उरलेले अन्न

जेवणे उरकताच उरलेले अन्न गरम असतानाच शेजारी वाटून टाकावे. ठेवायचेच असल्यास परातीत पातळ पसरून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीज नसेल, तर भात आणि रस्सा रात्रीवर ठेवू नये.

भगिनींनो, या सर्व गोष्टींना फारसा खर्च येत नाही. पाटी, पेंढा आणि घोंगडे आपल्या घरातच असते. गावातील बचत गटाने दहा-बारा लिटरची चार चांगली पातेली, दोन पेंढ्याच्या पाट्या, आठ बादल्या आणि एक थर्मामीटर एवढा संच करून ठेवला, तर आळीतील प्रत्येक घराला तो अल्प भाड्याने वापरता येईल आणि गटालाही थोडे उत्पन्न मिळेल.

पुढच्या कार्याला कामांची यादी कराल, तेव्हा तिच्या शेवटी एक ओळ अवश्य लिहा: शेवटच्या पंगतीचा भात कोण टाकणार आणि ती पंगत कोण वाढणार? पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्या घरच्या पुरुष मंडळींपैकी दोघांची नावे तेथे घालावीत. दिवसभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना पाटावर बसवून गरम भात-आमटी वाढणे हे काम त्यांना सहज जमेल. ज्या घरी शेवटचे ताटही वाफाळते असेल, त्या घरचे कार्य खऱ्या अर्थाने चांगले पार पडले असे समजावे.